कर्नलच्या हवाली केलेली नोंद

शिरड शहापूरच्या एका विधवा बाईनं माझ्या टेबलावर सातबारा ठेवला आणि विचारलं, “म्याडम, माझं नाव काहून काढलं तुमी?”

दोन हजारनंतरची ती वर्षं. तालुक्याच्या एका कचेरीत आम्ही करारावरची माणसं सातबारे कॉम्प्युटरवर चढवत होतो. तिचं नाव गेलं होतं, दिराचं तेवढं उरलं होतं. बदल माझ्या लॉगिनवरून झाला होता. पण माझा पासवर्ड अख्ख्या कचेरीला ठाऊक. काम अडू नये म्हणून साहेबांनीच तो भिंतीवर चिकटवायला लावलेला. कुणी काय बदललं ते टिपणारी फाईल उघडली, तर त्या दिवसाच्या ओळीच पुसलेल्या.

“चूक तुमची आहे, कबूल करा,” साहेब सगळ्यांदेखत म्हणाले.

मी कबूल केली नाही. तिचं नाव परत लावलं आणि त्याच रागात कामाला बसले. साध्या फाईलमधली ओळ कुणीही पुसतो. म्हणून सातबाऱ्यात काही बदललं, की प्रोग्रॅमनं त्याची नोंद थेट कर्नलकडे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ यंत्रणेकडे द्यायची, असं केलं. कोणत्या टर्मिनलवरून, किती वाजता, काय बदललं, सगळं. ती नोंद पुसणं आमच्या रोजच्या लॉगिनच्या हातात नव्हतं. नोंदीचा ठरलेला साचा जरा चुकला की कर्नल ती नाकारायचा. चार दिवस नाकारतच राहिला. पाचव्या दिवशी घेतली.

महिन्याभरात बाईचं नाव पुन्हा गेलं. मी कागद छापून साहेबांपुढे धरला. लॉगिन माझं, टर्मिनल बड्या बाबूंच्या, म्हणजे आमच्या हेडक्लार्कच्या खोलीतलं, वेळ सोमवारी दुपारची.

“हे तुम्हीच लिहून काढलं नसेल कशावरून?”

“त्या दिवशी मी हिंगोलीला ट्रेनिंगला होते, साहेब. ऑर्डरवर तुमचीच सही आहे.”

साहेबांनी कागद घडी करून खणात टाकला. बडे बाबू रजेवर गेले. रजेवर! नाव संध्याकाळपर्यंत परत लागलं. मला मात्र हुकूम झाला, “ते नोंदींचं ऑडिट बंद करा. मशीन हळू चालून राहिलं.”

“लेखी द्या,” मी म्हणाले.

लेखी आलं नाही, त्यामुळे नोंदी चालू राहिल्या. माझा करार तेवढा पुढे वाढला नाही.

जायच्या आठवड्यात ती बाई आली. “म्या तुमच्यावर उगंच आळ घेतला, म्याडम, माफ करा,” म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. माफी मागायला हवी होती ती साहेबांनी, आणि ते आत खुर्चीत चहा पीत बसले होते.