निळी चटई आणि दोन जागा

सोमवारी आमच्याकडे भगर करते तेव्हा थोडी जास्तच टाकते. तरी ती संपते. किस्से मात्र उरतात, आणि ते फ्रिजमध्येही ठेवता येत नाहीत! म्हटलं, लिहूनच काढावेत.

आमची सून ऋचा लहान मुलांसाठी काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेत आहे... म्हणजे होती. साकीनाक्याला वर्कशॉपच्या गल्लीत त्यांची एक खोली आहे. आईबाप कामावर गेले की मुलं तिथे येतात, खेळतात, शिकतात. खोली चालवणारे चौघं. आमची ऋचा, मुलांना शिकवणारी नसरीन, हिशेब बघणारे डिसोझा सर आणि गाडी चालवणारा मालवणचा सावंत. खर्च कमी करायचा म्हणून संस्थेने आधी अंधेरीचं ऑफिस सोडलं. तेव्हापासून दर सोमवारी या चौघांची मीटिंग आमच्या घाटकोपरच्या हॉलमध्ये! माझे सोळा सोमवार चालू होते, त्यामुळे उपासाला अनायासे चार पाहुणे मिळाले.

*

पहिल्याच सोमवारी परदेशातल्या मोठ्या बाई लॅपटॉपवर आल्या. बराच वेळ त्या 'राइटसायझिंग, राइटसायझिंग' म्हणत होत्या, म्हणजे संस्था योग्य मापात बसवायची म्हणे. सावंतने ऐकून ऐकून ऐकलं आणि डिसोझा सरांना विचारलं, "सर, माका एकच सांगा. आमका शिवतले की उसवतले?"

सर म्हणाले, "सावंत, कात्री बाहेर काढलीये. पुढचं बघू."

नेमकी तेव्हाच माझी पूजा आटोपली आणि मी आरतीची घंटा वाजवली. ऋचा आवाज बंद करायला विसरली होती! तिचा चेहरा पांढराफटक. तिकडे बाई बोलायच्या थांबल्या, डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "थँक यू. वी ऑल नीडेड दॅट."

पुढच्या मीटिंगच्या आधी बाईंची मेल आली. शेवटची ओळ : सुरुवातीला घंटा होईल का?

*

मग कळलं ते असं. खोली चालू राहील, पण चौघांतले दोघंच राहतील. आणि चौघांनीही आपापल्या नोकरीसाठी नव्याने अर्ज करायचा, इंटरव्ह्यू द्यायचा.

डिसोझा सर शांत माणूस, पण त्या दिवशी चिडले. "माझ्याच खुर्चीसाठी मी अर्ज करायचा! आणि मला ओळखणारी व्यक्ती म्हणून नाव कोणाचं देऊ? ऋचाचं. ती पण रांगेत उभी!"

"द्या की सर," ऋचा म्हणाली. "मी तुमचंच दिलंय."

*

आता कोणी म्हणेल, चौघांत दोन जागा म्हटल्यावर कशाला एकत्र बसतील? तर हे लोक एकमेकांचीच तयारी करून घ्यायला लागले. आमच्या सोफ्यावर साहेब, समोरच्या स्टुलावर उमेदवार.

नसरीन साहेब झाली. तिने सावंतला विचारलं, "बताओ, हम आपको क्यों रखें?"

सावंत ताठ बसला. म्हणाला, "माका नाय ठेवलंत तरी चलात. पण नसरीनक घालवशात तर पोरां रडतली."

"अरे यार, असं सांगशील तर वाट लागली तुझी!" डिसोझा सर ओरडले.

"मग काय खोटा सांगू?"

नसरीन साहेब म्हणून बसली होती, ती उठून पाणी प्यायला आत आली. पण पाणी प्यायली नाही. नळ सोडून नुसती उभी राहिली. मी पाठीवर हात ठेवला.

*

त्या संध्याकाळी डिसोझा सर ग्लास ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आले. हळूच म्हणाले, "काकू, माझं चर्चमध्ये चालूच आहे. पण तुमच्याकडेही एक अर्ज टाकून ठेवा ना."

मागोमाग नसरीन. "काकू, आप अपनेवाले से भी बोल दो ना. मेरी तो नमाज़ में रोज़ बात होती है."

जाता जाता चपला घालताना सावंत. "काकी, गावच्या देवाक गाऱ्हाणा घातलंय. तुमच्या महादेवाच्या कानार घाला फक्त."

राहिली ऋचा. ती तर माझी सून. तिने न मागताच मी मागणार, हे तिलाही ठाऊक होतं.

पुढच्या सोमवारी पळीभर पाणी तळहातावर घेतलं आणि अडले. चौघं माझ्या घरचं जेवणारे, जागा दोन. नाव कोणाचं घेऊ? एकाचं घ्यायचं म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर पाय. बोटांतून पाणी निसटायला लागलं. शेवटी म्हटलं, "महादेवा, तूच बघ बाबा," आणि सोडलं.

आमचे हे पेपरमधून बघत होते. म्हणाले, "तीन धर्मांचे अर्ज एकाच टेबलावर! आता वरतीपण स्टाफ कमी पडणार."

*

साकीनाक्याच्या खोलीतले नियम मुलांनीच बनवलेत. ऋचाने फक्त ऐकून घेतले. त्यातला एक मला फार आवडतो : जो माणूस हजर नाही, त्याच्याबद्दल बोलायचं नाही. नियम मोडला की निळ्या चटईवर बसायचं, समोर वाळूचं छोटं घड्याळ उलटं करायचं, वाळू संपली की उठायचं.

एकदा जेवताना ह्यांनी खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांचा विषय काढला. ऋचा म्हणाली, "बाबा, चटई!"

"सासऱ्याला शिक्षा करतेस?"

"शिक्षा नाही हो बाबा. शांत बसायची जागा आहे."

मी म्हटलं, "मग गं मलाच बसव. इतक्या वर्षांत या घरात मला कोणी शांत बसू दिलंय?"

*

निकाल लागला. डिसोझा सर आणि नसरीन राहिले. ऋचा आणि सावंतची नावं नव्हती.

मी देवघरासमोर जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी होतं. बाहेरून ऋचाचा आवाज आला. फोनवर होती. "नसरीन, अगं रडतेस काय! झकास झालं. आता ऐक, छोट्या आरिफला दुपारी भाताशिवाय चालत नाही, लक्षात ठेव."

फोन ठेवून माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, खोली चालू राहिली ना. दिवा लावा."

सोळावा सोमवार झाला आणि मी उद्यापन काढलं. हे म्हणाले, "अगं, घरातली नोकरी गेली आणि उद्यापन कसलं करतेस?" मी म्हटलं, "मी 'तूच बघ' म्हणाले होते. त्याने बघितलं. आता माझा शब्द मी पाळणार." चुरम्याचे तीन भाग शास्त्राप्रमाणे केले, आणि घरच्या भागाला ते चौघंही बसले. सावंत आता चेंबूरच्या एका शाळेची गाडी चालवतो. ऋचा इंटरव्ह्यू देते आहे. मिळेल तिला. ज्यांना ती मिळेल त्यांचं भाग्य, असं मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगते!

*

पण इंटरव्ह्यूच्या दिवशीची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती.

चौघांनाही एकाच दिवशी सांताक्रूझच्या हॉटेलात बोलावलं होतं. खोली बंद ठेवावी तर मुलं कुठे जाणार? ऋचा म्हणाली, "आई, आजचा दिवस तुम्ही बसाल?" मी मेट्रोने साकीनाका गाठला.

दुपारी एक सूटवाले गृहस्थ आले. संस्थेचा दिल्लीतला सर्वांत मोठा साहेब मीच, म्हणाले. इंटरव्ह्यू घेणारे घेताहेत, मी खोली बघायला आलोय. मुलांमध्ये बसले, गोड बोलले आणि विचारलं, "अच्छा बच्चो, चारों में सबसे अच्छा कौन है? किसके बिना चल जाएगा?"

पुढच्या रांगेतली सानिया उभी राहिली. "वो लोग इधर नहीं हैं. जो नहीं है उसके बारे में नहीं बोलने का. रूल है." आणि तिने निळ्या चटईकडे बोट केलं.

साहेब हसले. मुलं हसली नाहीत. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, फळीवरचं वाळूचं घड्याळ काढलं आणि चटईसमोर उलटं करून ठेवलं.

त्यांनी बूट काढले आणि जाऊन बसले. मांडी घालता येईना, तसेच गुडघे वर करून. फोन वाजला, तर सानियाने ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी बंद केला.

तेवढ्यात हॉटेलातून थेट चौघं दारात!

"देवा म्हाराजा!" सावंत म्हणाला.

ऋचा धावत माझ्याजवळ आली, कानाशी लागली. "आई, ते आमचे सगळ्यात मोठे सर आहेत! तुम्ही त्यांना उठवलं का नाही?"

"कसं उठवणार गं? वाळू कुठे संपलीय अजून!"