जुनं करायला घेतलेलं धोतर

आमच्या भाऊजींनी आयुष्यात एकही काम वेळेवर केलेलं नाही. हे मी रागानं सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. माझी सगळी नोकरी यवतमाळच्या बसस्थानकात गाड्यांच्या वेळा पुकारण्यात गेली, त्यामुळे घड्याळ अंगात भिनलेलं. आणि माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीला नवरा मिळाला तो असा, की ज्याच्या लग्नाच्या पत्रिका लग्न होऊन अकरा दिवस झाल्यावर पोस्टात पडल्या. कळंबला त्यांच्या घरी गेलात तर फाटकाचं डावं दार निळं आणि उजवं गंजलेलं दिसेल. उजव्यासाठी रंगाचा डबा आणला तेव्हा त्यांची लेक मनू दहावीत होती. आज ती बत्तिशीची आहे आणि डबा अजून झाकणबंद आहे. एकदा भाऊजींची दाढ दुखायला लागली. ‘या सोमवारी काढतो’ म्हणता म्हणता दोन वर्षं गेली आणि एक दिवस भाकरीचा घास चावताना ती आपसूकच हातात आली. मी गेलो तेव्हा ती दाढ तळहातावर ठेवून मला दाखवत म्हणाले, “पाह्यलं? कामाले थोडा टाइम देला का ते आपोआप होते.”

नोकरीत मात्र हा माणूस विजेसारखा होता. जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरायची, ताणायची, आणि धागा किती लांब, किती मऊ, हे डोळे मिटून सांगायचं. गाडीवानानं बैल सोडायच्या आत यांचा निकाल लागलेला असे. मी विचारलं तर म्हणायचे, “ते काय काम आहे का? ते तं हात लावणं आहे.” निवृत्तीनंतर मनूनं त्यांना चांगला मोबाइल घेऊन दिला आणि त्यांना शोध लागला, की जगात हातानं बनवलेल्या वस्तू घरबसल्या मागवता येतात. मग त्यांनी आपल्या चालढकलीचा कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं, आणि त्यासाठी लागणारं साहित्य मागवायला सुरुवात केली. पहिल्यांदा हातकागदाची वही आली, रोजची कामं लिहायला. ती कोरीच राहिली, कारण “एवढ्या मेहनतीनं कागद बनवला कोणी, त्यावर ‘नळाचा वायसर’ कसा लिहू?” मग फुंकून घडवलेल्या काचेचं वाळूचं घड्याळ आलं. ते उलटं करून ठेवायचं आणि वाळू पडेपर्यंत काम करायचं, अशी योजना. भाऊजी वाळू पडताना पाहत बसायचे. मग पितळेची ओतीव घंटा आली, काम सुरू करताना वाजवायला. ती टांगायला खिळा ठोकायचा राहिला आहे. माझी ताई एकदा वैतागून म्हणाली, “अहो, आळस तं फुकटचा होता, आता त्यालेबी सामान लागून राह्यलं.” त्यावर भाऊजींनी शांतपणे आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं: “घाईनं केलेलं काम दोनदा करा लागते. न केलेलं काम एकदाबी करा लागत नाही.”

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर मनूला दिवस राहिले. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मधे एकदा पाचव्या महिन्यात सगळं मोडून पडलं होतं. त्यामुळे आनंदाची बातमी घरात आली ती दबक्या पावलानं. आमच्याकडे बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत. आजोबाच्या वापरून वापरून विरलेल्या धोतराची दुपटी करतात. म्हातारं कापड टोचत नाही, आणि नेसणाऱ्याचं आयुष्य बाळाला लाभतं असं मानतात. मनू पुण्यात शिकली-सवरलेली, असल्या गोष्टींना हसणारी. पण मला फोनवर म्हणाली, “मागच्या वेळी मी सगळं नवं आणून ठेवलं होतं मामा.” आणि मग वडलांना तिनं एकच काम सांगितलं, “बाबा, तुमच्या धोतराचं दुपटं पाहिजे मले. एवढं एक काम वेळेवर करा.”

अडचण एवढीच होती, की भाऊजींनी जन्मात धोतर नेसलेलं नव्हतं. फुलपँट आणि मनिला शर्ट, हाच त्यांचा वेश. मी विचारलं, “तुमच्या वडलांचं एखादं असेल की?” ताई म्हणाली, “मामाजींची होती चार. त्यांच्या तेरवीनंतर देऊन टाका म्हटलं होतं मी यांना. बावीस वर्षं झाली, देली असतीन.” भाऊजींनी मोबाइलमध्ये डोकं आणखी खुपसलं. भाऊजींनी सांगितलेलं काम केलं, हे ऐकूनच खरं तर मला संशय यायला हवा होता. पण मला तरी कुठे एवढी अक्कल! ताईनं हिशेब मांडला, की तिसरा महिना चालू आहे, अजून सहा हातात आहेत. चांगलं हातमागाचं धोतर आजच मागवायचं, रोज नेसायचं, रोज धुवायचं, तेवढ्यात ते मऊ होईल. भाऊजी म्हणाले, “हाव. आजच पाहतो.”

आणि ते खरोखर पाहतच बसले. चौथा महिना धागा पाहण्यात गेला. मी गेलो तर काय, गृहस्थ मोबाइलच्या काचेवर अंगठा घासत बसलेले, कापसाची प्रत पाहतात तसे. “फोटो मोठा होते,” हताश होऊन म्हणाले, “पण मऊ का खरबरीत ते नाही समजत.” पाचव्या महिन्यात एका विणकराचं धोतर कार्टात जाऊन पडलं. त्याचं सूत चांगलं होतं, पण मागणी आल्यावर तो ते विणायला घेणार होता आणि विणायला वीस दिवस लागणार होते. भाऊजींनी त्याचा फोटो न्याहाळून मला सांगितलं, “याच्या तोंडावरूनच दिसते, याले घाई केलेली आवडणार नाही.” सहाव्यात काठ लाल की काळा हे ठरेना. मी दर रविवारी फोन करायचो आणि दर रविवारी उत्तर यायचं, “झालंच समजा.” तिकडे पुण्यात मनू रोज रात्री पोटावर हात ठेवून बाळाच्या हालचाली मोजत झोपायची, हे तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं होतं. सातवा संपायला आला तेव्हा माझं डोकं फिरलं. सकाळची पहिली गाडी पकडून कळंब गाठलं, चपलाही न काढता त्यांच्या हातातून मोबाइल हिसकावला आणि मागणीचं बटण दाबलं. भाऊजी किंचाळलेच, “अरे, काठ पाह्याचा होता ना बाप्पा!”

धोतर आलं तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला सव्वीस दिवस उरले होते. धोतर कसलं, ताडपत्रीच. खळ एवढी, की घडी सोडली तर उभंच राहावं. सहा महिन्यांचं म्हातारपण आता सव्वीस दिवसांत आणायचं होतं, आणि मग भाऊजी जे पेटले ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी धोतर नेसून चिंतामणीच्या देवळापर्यंत चालत जायचे, परत येऊन ते धुवायचे, ओलसरच नेसून पुन्हा बाजारात. पहिल्याच दिवशी सोगा पायात येऊन भाजीच्या दुकानात वांग्यांवर आडवे झाले. गावात चर्चा सुरू झाली. एकानं तर वाटेत हात जोडून विचारलं, “भाऊ, यंदा उभे राहून राह्यले का?” ताई मोगरीनं ते धोतर बडवायची, हे पुन्हा नेसायचे, झोपायचेही त्यातच. रोज संध्याकाळी काठाजवळचं कापड अंगठ्यात धरून डोळे मिटायचे, आणि रोज निकाल एकच लागायचा: “नवंच आहे अजून.” बाळंतपणाला माहेरी आलेली मनू खाटेवर बसून हे सगळं पाहायची. हसायची, पण डोळे कॅलेंडरकडे असायचे.

आणि बाळ काही आजोबांच्या वळणावर गेलं नाही. तारखेच्या अकरा दिवस आधी पोटातलं पाणी कमी झालं. सकाळी सात वाजता ताईचा फोन आला, की मनूला घेऊन यवतमाळला निघालो आहोत, अकराला ऑपरेशन करणार आहेत. नेमकं त्या पहाटे भाऊजींनी धोतर पुन्हा धुऊन दोरीवर टाकलं होतं. ओलं गच्च धोतर गाडीत कसं घ्यायचं? वाळलं की घेऊन या, असं सांगून ताई पुढे निघाली. म्हणजे सगळं घड्याळ भाऊजींच्या हातात होतं! दवाखान्यात पोहोचून मी नऊ वाजता फोन केला. “निघालोच.” हा शब्द मी चाळीस वर्षं ऐकतो आहे, त्याचा अर्थ अंघोळ व्हायची आहे. दहाला केला. “पोचतोच.” म्हणजे चपला सापडत नाहीत. साडेदहाला फोन उचललाच नाही. मनूला आत नेताना तिनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. “मामा, बाबा आले?” मी म्हणालो, “रस्त्यात आहेत.” ती म्हणाली, “नवं नको लावू देजो. काही झालं तरी.” दार बंद झालं.

मी वेळेचा माणूस, त्यामुळे माझ्या पिशवीत दुकानातून आणलेली चार कोरी दुपटी आधीच तयार होती. त्या पाकिटाची मला त्या क्षणी इतकी लाज वाटत होती की पिशवी मी बाकाखाली सरकवली. सिस्टरबाई दारातून डोकावल्या, “बाळाचं कापड द्या.” मी म्हणालो, “येऊन राह्यलं.” त्या म्हणाल्या, “काका, बाळ येऊन राह्यलं, कापड कधी येईन?” दहा मिनिटांनी त्या पुन्हा आल्या, आता हात पुढे करूनच. माझा हात पिशवीत गेला, पाकीट लागलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि मानेनंच नाही म्हटलं, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण सिस्टरबाईंचा हात तसाच होता, आणि उघड्या बाळाला कापड तर लागतंच. मी पाकीट बाहेर काढलं.

तेवढ्यात जिन्यावर धपधप पावलं वाजली. भाऊजी. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात ताईची. घामानं निथळलेले, आणि काखेत एक बोचकं. धाप लागलेली असल्यानं बोलता येईना, त्यांनी नुसतंच ते बोचकं सोडून सिस्टरबाईंच्या हातात ठेवलं. आत चार चौकोनी तुकडे होते. पिवळसर, इतके विरलेले की पलीकडचा उजेड दिसावा. ताई पुढे झाली, तिनं कापडाला हात लावला आणि थबकली. “हे तं मामाजींचं आहे.”

“हाव.”

“तुमी देलं नव्हतं कोणाले?”

“उद्या देतो म्हणलं होतं,” भाऊजी म्हणाले.

ताई क्षणभर घुटमळली. गेलेल्या माणसाचं कापड बाळाला कसं लावायचं, हे तिच्या मनात आलं असणार. मग म्हणाली, “मनूबी त्यातच गुंडाळली होती. न्या सिस्टर.” सिस्टरबाईंनी कापड गालाला लावून पाहिलं, “हे बरं आहे,” म्हणाल्या आणि आत गेल्या. बोचक्याच्या घडीतून कडुनिंबाचा पाला फरशीवर सांडला होता. मी तो उचलायला वाकलो. बावीस वर्षांपूर्वीचा पाला असता तर त्याचा भुगा झाला असता. हा वाळलेला होता, पण हिरवा होता. याच चैत्रातला होता. ज्या माणसानं फाटकाला रंग दिला नाही, दाढ काढली नाही, तो दर वर्षी न चुकता ट्रंक उघडून बापाच्या धोतरातला पाला बदलत होता, आणि त्याच्या बायकोलाही ते ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मी या माणसाला हसलो होतो. मला फार वाईट वाटलं.

बाकावर बसल्यावर ते हळूच म्हणाले, “दोरीवरचं अंगठ्यानं पाह्यलं सकाळी. मऊ झालं होतं, पण जुनं नव्हतं झालं. मग काय करतो? बाबाचं कापा लागू नये म्हणूनच तं हे एवढं सगळं करून राह्यलो होतो.” अंगठ्यावर उठलेला कात्रीचा वळ ते चोळत राहिले. तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. मुलगी झाली. शुद्धीवर आल्यावर मनूनं आधी बाळाकडे पाहिलं नाही, बाळाभोवतीच्या कापडाकडे पाहिलं, आणि मग मात्र पोटभर रडली.

नात आता दहा महिन्यांची आहे, पुण्याला असते. परवा मी कळंबला गेलो. फाटक तसंच आहे, घंटेचा खिळाही तसाच राहिला आहे. भाऊजी अंगणात झाडांना पाणी घालत होते, आणि अंगावर तेच मागवलेलं धोतर.

“आता कायले नेसता भाऊजी?” मी विचारलं.

“नातीच्या लेकराले लागन,” ते म्हणाले. “जुनं कराले टाइम लागते, साळेबुवा. मागच्या वेळी उशीर झाला.”

मी सवयीनं मनात हिशेब केला. नातीचं लेकरू म्हणजे काही नाही तरी पंचवीस वर्षं. भाऊजींना अडुसष्टावं चालू आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक काम वेळेआधी सुरू केलं होतं, आणि ते पुरं झालेलं पाहायला ते असतील की नाही, हा हिशेब त्यांनी माझ्याआधीच केलेला होता, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून मला कळलं. त्यांनी धोतराचा सोगा माझ्यापुढे धरला, “पाहा बरं तुम्ही.” मी काठाजवळचं कापड अंगठ्यात धरलं आणि त्यांच्यासारखे डोळे मिटले. ते चांगलं मऊ झालं होतं.

“नवंच आहे अजून,” मी म्हणालो.

“मी तेच म्हणतो,” भाऊजी म्हणाले, आणि खुशीत मोगऱ्याला पाणी घालू लागले.