भोल्याचा करगोटा

"डाक्तरसाहेब, एवढंच सांगा. हा किती वाढन?"

अल्लीपूरच्या विहीणबाईंनी बोट दाखवलं ते रॉकेलच्या एका डब्याकडे. डब्यात अर्ध्यापर्यंत रेती आणि रेतीवर एक साप. मी वडनेरला शेषराव भोयरांच्या बैलाचा सुजलेला खांदा पाहायला गेलो होतो. काम झालं होतं, हात धुऊन चहाची वाट पाहत होतो. सापाशी माझा काही संबंध नव्हता. पण डब्यात डोकावलो आणि चहा विसरलो.

मी तेव्हा हिंगणघाटला व्हेटर्नरी असिस्टंट सर्जन होतो. लोक म्हणत ढोरडॉक्टर. आमच्या राज्याचं नाव मध्यप्रदेश होतं आणि राजधानी नागपूर. सापांचा नाद मला कॉलेजातच लागला. तिथं साप शिकवला तो फक्त दंशापुरता, एक तास. बाकीचं मी म्युझियममधल्या बरण्यांपुढे उभं राहून शिकलो. त्यामुळे जिवंत साप समोर आला की मला राहवत नसे. बायको म्हणायची, तुमचं लग्न एखाद्या गारुड्याच्या घरी व्हायला हवं होतं.

हकीकत अशी होती. महाशिवरात्रीच्या सुमारास शेषराव वावर वखरत होते. वखराची पास, म्हणजे मातीतून सरकणारं लोखंडी पातं, या सापाच्या पाठीला लागली. दुसरा कोणी असता तर ढेकळानं ठेचून मोकळा झाला असता. पण शेषरावांची लेक कमल तेव्हा सासरी पोटुशी होती. नागपंचमीला वावरात पाऊल न टाकणारा हा माणूस. आपल्या वखरानं सापाला मारलं, याचा दोष लेकीच्या पोटाला लागेल, या धास्तीनं त्यांच्यानं ढेकूळ उचलवेना. त्यांनी साप धोतराच्या सोग्यात घालून घरी आणला. त्यांची बायको पार्वताबाई. तिनं जखमेवर हळदीची पट्टी ठेवली आणि पट्टी सरकू नये म्हणून वरून करगोटा बांधला, लेकराच्या कमरेला बांधतात तोच काळा गोफ. नावही ठेवलं, भोला.

इथपर्यंत ठीक होतं. पण करगोटा घट्ट होऊ लागला. पार्वताबाईंनी तो दोनदा सैल केला आणि विहिरीवर कौतुकानं सांगितलं. झालं. गाव म्हणालं, दर महिन्याला ज्याचा करगोटा सैल करावा लागतो तो अजगरच. आज उंदीर खातो, उद्या लेकरू गिळेल. ही बातमी कमलच्या सासरी, अल्लीपूरला पोचायला किती वेळ लागणार? कमलला सातवा लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. तिला न्यायची बोलणी सुरू झाली तशा विहीणबाई स्वतःच छकड्यातून येऊन उतरल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. या घरात एक तर साप राहील, नाही तर त्यांची सून येईल.

शेषराव कधी नव्हे ते हट्टाला पेटले होते. जखम भरल्याशिवाय सापाला बाहेर काढणार नाही म्हणत होते. पार्वताबाई पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. लेक येणार की नाही, हे आता माझ्या जिभेवर होतं.

मी उकिडवा बसलो. पहिली शंका घोणसची, कारण तिथं चूक झाली तर मीच मरणार. घोणसच्या अंगावर साखळीसारखे सुटे सुटे गोल ठिपके असतात, डोकं तिकोनी, मान बारीक. इथं ठिपके वेडेवाकडे, एकात एक मिसळलेले. मान कुठं संपते ते कळत नव्हतं आणि डोळा मोहरीएवढा. घोणस नव्हे. मग अजगराचं पिल्लू? अजगराची शेपटी लांब, निमुळती होत जाते आणि वरच्या ओठावर लहान खळगे असतात. मी भिंग काढलं. ओठावर खळगा नाही. शेपटी आखूड, जणू कोणी मध्येच तोडली आहे, आणि तिच्यावरून बोट फिरवलं तर कानशीसारखी खरखरीत.

मी शेपटीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. हा बोआ होता, सँड बोआ. आपल्याकडे त्याला डुरक्या घोणस म्हणतात. नावात घोणस आहे, पण विषाचा थेंबही नाही. बरणीत फिका पडलेला पाहिला होता, हातात पहिल्यांदाच आला होता.

"हा जास्तीत जास्त अडीच फूट होतो," मी म्हणालो. "अजगर नाही."

विहीणबाई हसल्या नाहीत. "मंग दर महिन्याले जाडा काऊन होऊन राह्यला?"

प्रश्न बिनतोड होता. मी शेषरावांना विचारलं, आणला तेव्हा लांबी किती होती? ते म्हणाले, हातभर आणि वर चार बोटं. आम्ही मोजलं. अजूनही हातभर आणि चार बोटंच. लांबी बोटभर वाढली नव्हती, वाढला होता तो फक्त घेर, तोही मागच्या निम्म्या अंगात. खाणं? पार्वताबाई म्हणाल्या, किती दिवस झाले, उंदराकडे पाहतसुद्धा नाही. मी करगोटा कापला आणि पोटाखालून अलगद बोटं फिरवली. आत काहीतरी होतं. एक नाही, ओळीनं. गाई तपासून तपासून माझ्या बोटांना एवढं कळत होतं.

मी ताडकन उभा राहिलो. "शेषराव, हे पिल्लू नाही. ही पूर्ण वाढलेली मादी आहे आणि गाभण आहे. अजगर अंडी घालतो. ही जिवंत पिल्लं देईल."

शेषराव मटकन ओट्यावर बसले. विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साप कुठं वितो का जी? पाहू. खरं झालं त सून पाठवतो."

मी डब्याऐवजी पसरट घंगाळ मागवलं, त्यात नाल्याची कोरडी रेती, वर ओला फडका. कोणी हात लावू नका, असं बजावून निघालो. नंतर मात्र धीर सुटला. मी काही ना काही निमित्तानं सायकल वडनेरकडे वळवू लागलो. टूर डायरी पाहून वर्ध्याच्या साहेबांनी विचारलं, "वडनेरला कोणती साथ आली आहे?" मी म्हणालो, "साथ नाही सर, बाळंतपणाची केस आहे." साहेबांना म्हैस वाटली असावी. मी दुरुस्त केलं नाही. मनात एकच धाकधूक होती. ती पोटातली गाठ निघाली तर? कमलचं माहेर तुटेल आणि ते माझ्या शब्दामुळे.

एका सकाळी शेषरावांचा निरोप आला. मी पोचलो तेव्हा विहीणबाईंचा छकडा दारात सुटलेला होता. घंगाळात वीतभर लांबीची सहा-सात पिल्लं वळवळत होती. धड मोजूही देत नव्हती. तेच ठिपके, तीच थोटी शेपटी. मी लहान पोरासारख्या टाळ्या पिटल्या.

शेषरावांचे डोळे वाहत होते. "पास दोन बोटं खाली लागली असती त सारीच गेली असती जी," ते म्हणाले.

विहीणबाई घंगाळापाशी बराच वेळ वाकून पाहत होत्या. मग पार्वताबाईंकडे वळल्या. "वखर लागलेली बाई तुमी तीन-चार महिने सांभाळली. बाळंतीणबी केली. माह्या सुनेले आणखी कोणतं घर पाह्यजे? परवाच्या दिवशी गाडी पाठवजा."

जखम भरली होती. शेषरावांनी आई आणि पिल्लं नाल्याकाठच्या रेतीत नेऊन सोडली. कमल आली, तिला मुलगी झाली. दोघी धडधाकट.

एवढ्या वर्षांत मी एक शिकलो. एखादं जनावर किती वाढेल असं कोणी विचारलं, तर आधी ते वाढून झालं आहे का ते पाहावं. बाकी लोकांना काय शिकायचं ते लोक शिकतात. त्या पावसाळ्यात अल्लीपूरहून माझ्या डिस्पेन्सरीत तीन पोटुशा बायका तपासून घ्यायला आल्या. मी ढोरांचा डॉक्टर आहे, हे त्यांच्या सासवांना काही केल्या पटेना.