येस म्हटलं की ये म्हणणारं मशीन

अक्का आज सकाळी गेल्या.

आणि एके काळी त्यांच्या क्लासला ‘व्हायरसवाला क्लास’ म्हणणारी मंडळी सकाळपासून इथे ग्रुपवर हात जोडतायत. असू दे. अक्का असत्या तर त्यांनाही चहा पाजला असता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अक्का म्हणजे धुळ्यात आग्रा रोडला टायपिंग आणि शॉर्टहँडचा क्लास चालवणाऱ्या बाई. माहेर दोंडाईचाचं, लहर आली की बोलणं थेट अहिराणी.

नव्वदचं दशक सरत आलं आणि टाइपरायटर कोपऱ्यात गेले. अक्कांनी जुने कॉम्प्युटर आणले आणि शिकवायला मला जळगावहून बोलावलं.

मुलं फ्लॉप्या आणायची. फ्लॉपीतून व्हायरस यायचा. मी सगळं पुसून विंडोज पुन्हा टाकायचे, की पुढच्या आठवड्यात परत तेच.

पालक वैतागले. अर्धी मुलं समोरच्या नव्या क्लासला गेली. तिथे एसी होता ना.

उरलेली गेली असती तर पाटी उतरवावी लागली असती. अक्कांचे यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही, क्लास हेच घरदार.

“हे बंद पडलं तर सकाळी उठून मी जाऊ कुठे गं?” एवढंच एकदा म्हणाल्या. पुन्हा विषय नाही काढला.

जळगाव स्टेशनच्या स्टॉलवर मी कॉम्प्युटरचं एक मासिक घेतलं. सोबत विंडोजऐवजी टाकायच्या लिनक्सची सीडी फुकट. विंडोजचे व्हायरस याच्या वाटेला जात नाहीत, असं आत लिहिलेलं.

टाकली. फार झटापट झाली ती विचारू नका. शेवटी काळाकुट्ट पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. चित्र नाही, खिडकी नाही, काही नाही.

“हाई काय शे?” अक्कांनी विचारलं. “तवा?”

मी बिचकत बिचकत कमांड दाखवल्या. फाइलींची यादी, म्हणजे लिस्ट, हवी तर ls. कॉपी करायची तर cp. हलवायची, म्हणजे मूव्ह करायची, तर mv.

अक्कांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

“अगं, यांनी स्वर खाल्लेत. हे तर शॉर्टहँड आहे.”

झालं. बाई खुर्ची ओढून बसल्या त्या बसल्याच.

माउसचा त्यांना मनापासून राग. हात कीबोर्डवरून उचलायचा नाही, हे त्या मुलींना आयुष्यभर ओरडून सांगत आलेल्या. आता तेच सांगणारा कॉम्प्युटरच भेटला.

अडलं तर man लिहून विचारायचं, असं सांगितलं.
“बाईला विचारायची सोय नाही का?”

एका कमांडचं उत्तर दुसरीला पोचवणाऱ्या उभ्या रेघेला पाइप म्हणतात, असं सांगितलं.
“म्हणजे तुम्हा पाइपवाल्या जळगावकरांनीच विकला असेल.”

मग एका रविवारी सकाळी पालकांना बोलावलं. आता व्हायरस नाही हे त्यांना पटलं तर क्लास राहणार, नाहीतर नाही. अक्का इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. माझी तर अन्नावरची वासनाच उडाली होती.

पण अक्कांनी काय धडाका लावला. भल्यामोठ्या यादीतून पाहिजे ती नावं शोधून काढली, क्रमाने लावून दाखवली, फाइल इकडची तिकडे केली. पालक माना डोलवायला लागले. आता exit लिहायचं आणि उठायचं, एवढंच उरलं होतं.

अक्कांची एक सवय होती. कुठूनही उठताना म्हणायच्या, “येस.” अहिराणीत येस म्हणजे येते. आणि टायपिंगवाल्या बाईचं तोंड जे बोलेल ते बोटं लिहिणारच.

तोंडाने येस म्हणाल्या. बोटांनी yes लिहिलं. एन्टर.

y
y
y
y

पडदा भरून वाहायला लागला. थांबेचना.

yes नावाची खरोखरच एक कमांड आहे आणि ती थांबवेपर्यंत y छापत राहते, हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं.

मागच्या रांगेतले एक आबा उठले. “बठ्ठं गयं का परत, अक्का?” त्यांना वाटलं, सगळंच पुसलं गेलं.

खुर्च्या सरकल्या. कुणीतरी व्हायरस हा शब्द काढलाच.

अक्कांनी पडद्याकडे पाहिलं. मग आबांकडे.

“बसा हो आबा. मी येस म्हनस, तं हाऊ ये, ये, ये करी ऱ्हायना. तो एसीवाला म्हनस का तुमले ये?”

आबा असे हसायला लागले की टोपी सावरावी लागली. मग सगळेच हसले. त्या हशात अक्कांनी कंट्रोल आणि सी दाबलं, मशीन गप्प.

त्या दिवशी कुणीही आपल्या पोराचं नाव क्लासातून काढलं नाही. पुढे एसीतली काही पोरंही परत आली.

मी म्हटलं, “अक्का, yes लिहिलं तरी exit होईल असं करून देते.”

“राहू दे गं. घरून निघताना मला ये म्हणायला कोण आहे? इथे तरी कुणी म्हणतंय.”

हसत म्हणाल्या. मी मात्र जळगावच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

तेव्हापासून क्लास बंद करताना रोज yes, पोटभर ये ये ऐकून घ्यायचं, मग कंट्रोल-सी. पोरींनाही तीच सवय लागली. पाटी अक्कांचे गुडघे बोलायला लागेपर्यंत राहिली.

आज सकाळी फोन आल्यावर चार शब्द लिहावेत म्हणून लॅपटॉप उघडला. समोर तोच काळा पडदा. बोटांनी yes लिहिलं.

ये. ये. ये.

कंट्रोल-सी दाबवलं नाही. हे फोनवरून लिहितेय, धुळ्याची बस गाठायची आहे. लॅपटॉप टेबलावर तसाच चालू आहे.

अक्का, मनापासून नमस्कार.

मी येस.