मापारी काकांचा आकडा

"हाताले चाळीस नाही लागून राह्यला रे हा."

मोबाईल तळहातावर घ्यायचा, डोळे अर्धवट मिटायचे, हात दोनदा वर-खाली झुलवायचा आणि मग हे वाक्य. स्क्रीनवर स्वच्छ चाळीस टक्के दिसत असायचे. चार्जिंगला वजन नसतं, हे मी काकांना निदान पंचवीस वेळा सांगितलं असेल. "नसन," ते म्हणायचे, "पण हाताले चाळीस लागत नाही." आणि पाचव्या मिनिटाला तो मोबाईल माझ्या काउंटरवर बंद पडायचा. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाशी वाद घालायचा कसा?

महागावच्या मार्केट यार्डात त्यांची उभी हयात मापारी म्हणून गेली. सोयाबीनचं पोतं हमालाच्या पाठीवर असतानाच ते वजन सांगायचे आणि किलोभरापलीकडे चुकायचे नाहीत. इलेक्ट्रॉनिक काटा आला तरी शेतकरी आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे, मग काट्याकडे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गावासाठी ते मापारीच राहिले. माझ्यासाठी मापारी काका.

माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान बस स्टँडसमोर आहे. आम्ही रिपेरिंगवाले गिऱ्हाईक एका नजरेत ओळखतो: हा भाव करणार, हा रडणार, हा पाण्यात पडलेला मोबाईल 'आपोआपच बंद पडला' म्हणणार. मापारी काका यांच्यापैकी कोणीच नव्हते. त्यांची तक्रार एकच होती. आकडा खोटा आहे. आणि तक्रार करताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू घरातलंच कोणी खोटं बोलताना सापडलंय.

पहिल्यांदा मी ते हसण्यावारी नेलं. मग उमरखेडहून नवी बॅटरी आणून टाकली. दोन दिवसांनी काका पुन्हा हजर.

"अडतीसवर गेला."

"नवीन बॅटरी आहे काका!"

"बॅटरी नवीन असन. पण तू धडा नाही केला."

माल चढवण्याआधी रिकामा काटा बरोबर करून घेतात, त्याला मापारी लोक धडा करणं म्हणतात. मी चाटच पडलो, कारण म्हातारा नेमकं बोलला होता. बॅटरी बदलली तरी मोबाईलच्या डोक्यात जुन्या बॅटरीचाच हिशोब बसलेला असतो. तो पुसायचा तर मोबाईल स्वतःहून बंद पडेपर्यंत पूर्ण उतरवायचा, काही तास तसाच पडू द्यायचा आणि मग बंद ठेवूनच एका दमात शंभरपर्यंत भरायचा.

"म्हणजे एक दिवस माझ्याकडे ठेवून जा," मी म्हणालो.

"दिवसभर बंद?"

"दिवसभर."

त्यांनी मोबाईल खिशात घातला. "उद्या पाहू."

हा 'उद्या' वर्षभर चालला.

कारण काकू पुण्यात होत्या. मुलगा-सून दोघंही नोकरीला, घरात लहान बाळ. 'सहा महिने जाऊन येते' म्हणून गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही. नातू सांभाळायला आजी लागते आणि दोन खोल्यांच्या घरात आजोबांना झोपायला जागा लागते, एवढंच. अशी किती घरं तुमच्याही ओळखीची असतील. नातू झोपला की काकू सुनेच्या जुन्या मोबाईलवरून व्हिडिओ कॉल करायच्या. तो कधी अकराला झोपायचा, कधी चारला, कधी झोपायचाच नाही.

"सिम साध्या बटनाच्या डब्ब्यात टाकून देतो दिवसभर," मी एकदा सुचवलं.

"त्याच्यात तुही काकू दिसन काय?"



आकड्याचा भरवसा नाही म्हणून त्यांनी घरातली बाज ओढून स्विचबोर्डाखाली लावली होती. जेवण तिथे, झोप तिथे. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी ते मांडवात बोर्ड शोधायचे. नवरदेवाच्या मित्रांनी स्पीकरची पिन लावलेली असली तर अक्षता टाकून उपाशीच घरी. लोक हसायचे. मीही हसायचो, उगाच कशाला खोटं बोलू.

एकदा माझ्या बाकावर बसले असतानाच काकूंचा फोन आला.

"जेवले काय?"

"जेवलो."

"काय खाल्लं?"

"वरण, भात, वांग्याची भाजी."

"वांग्याची कोनं केली?"

काका अडकले. माझ्याकडे मदतीसाठी बघू लागले. पलीकडून काकू हसत होत्या. "खोटं कायले बोलता, तुमाले वांगं चिरता तरी येते काय? बरं ऐका, मले तुमाले एक..."

एक्केचाळीस टक्क्यांवर मोबाईल गेला.

मी पळत चार्जर लावला. चालू होऊन नेट येईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली. काकांनी फोन लावला तर उचलला नाही. नातू उठला असणार. काका तिथेच बसून राहिले. "काय सांगत होती, काय माहीत," एवढंच दोन-तीनदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर काकू स्वतःच विसरल्या होत्या. मी मात्र चिडलो. "द्या एक दिवस! रोज रोज मरण्यापेक्षा एकदा मरू द्या त्याला!"

"उद्या," काका म्हणाले.

मग पंधरा-वीस दिवस ते दिसले नाहीत. पानठेल्यावर कळलं: मापाऱ्याची बायको पुण्यात वारली, सकाळी चहा ठेवता ठेवता. काका पोचले तेव्हा सगळे त्यांच्याचसाठी थांबले होते.

परत आले ते डोकं भादरलेलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसले. मग मोबाईल माझ्यापुढे ठेवला.

"घे. धडा करून टाक. किती बी वेळ लागू दे."

इतक्या वर्षांत मी कुठल्या मोबाईलवर इतकं निगुतीने काम केलं नसेल. पूर्ण उतरवला, पडू दिला, भरला, पुन्हा एकदा उतरवून भरला. दुसऱ्या दिवशी आकडा पायऱ्या उतरावा तसा एक-एक उतरू लागला. शंभर करून काकांना दिला, आणि घरी पोचले असतील तेव्हा एकदा फोन लावून बघितला. आवाज स्वच्छ होता.

चार दिवसांनी ते परत आले.

"बिघडला, बापू. आकडा अटकला. चार दिवस झाले, चार्जर नाही लावला, तरी एकोणऐंशी."

मी मोबाईल हातात घेतला. बॅटरी तपासली, तापमान तपासलं, सगळं ठीक. मग आलेल्या फोनांची यादी उघडली. चार दिवसांत एकच नंबर होता. माझ्या दुकानाचा.

"हो काका," मी खाली बघत म्हणालो, "थोडा फॉल्ट राहून गेला. ठेवून जा, बघतो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. यार्डात खोटं माप ओळखण्यात आयुष्य गेलेला माणूस तो.

"खरं सांग. बरोबर आहे ना आकडा?"

"बरोबर आहे."

"मंग ठीक आहे." मोबाईल उचलून ते बाकावर बसले नाहीत, तसेच निघाले.

त्यानंतर काका दुकानात आले नाहीत. काही महिन्यांनी मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला, घराला कुलूप आहे. तोवर ते गावातच होते, दुकानापासून पाच मिनिटांवर. पण माझ्याकडे यायला त्यांना एक तक्रार होती, आणि ती मी दुरुस्त करून दिली होती.