सनदच्या बागेत मूठभर मीठ

विमान बहरीनवर उतरू लागलं तेव्हा खाली समुद्रच समुद्र, मग मातकट जमीन आणि तिच्यावर मोजकीच हिरवळ. मी गुहागरची, नारळी-पोफळीत जन्म गेलेला. मनात म्हटलं, अगंबाई, माझी मुग्धा सात वर्षं इथे राहते तरी कशी!

मुग्धा माझी लेक, इथे बँकेत आहे. तिचं घर सनदला, आणि कुंपणापलीकडे हाजी जासीम यांची खजुराची बाग. बाग आपली म्हणायची. निम्मी झाडं शेंड्यापासून करपलेली. पूर्वी इथे गोड्या पाण्याचे झरे होते म्हणे. आता विहिरीत समुद्र शिरलाय. सत्तरी ओलांडलेले हाजी बाजारात हिंदी शिकलेले, त्यामुळे आमच्या गप्पा पहिल्याच दिवशी रंगल्या.

त्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड मरायला टेकलं होतं. त्याचा एकच फसीला (बुंध्याशी येणारा फुटवा) हाती लागला होता, तो त्यांनी नुकताच वेगळा करून लावला होता.

"ये गया तो बाबा का खजूर खलास," ते म्हणाले.

नातीच्या लग्नाला दोन दिवस बुसैतीनला जाताना त्यांनी तो फुटवा माझ्यावर सोपवला. "बहन, सुबह एक कॅन, शाम एक कॅन. नल का पानी. और कुछ मफी (काही नाही)."

पण गप्प बसेन तर मी कसली! आमच्याकडे नारळ लावताना खड्ड्यात मूठभर मीठ पडतंच. सासूबाई घालायच्या, मी घालते. लोणच्यासाठी गावाहून आणलेलं खडे मीठ होतंच. फुटव्याभोवती आळं उकरून घातलं, वरून पाणी दिलं आणि संध्याकाळी चहा घेताना मुग्धाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

तिनं कप खाली ठेवला. "आई! अगं, मिठानंच तर त्यांची बाग मेली!"

तशाच धावलो. उलथनं, वाटी, हात, मिळेल त्यानं माती उपसली. मुग्धानं नर्सरीतून मातीची पोती आणली, कॅनमागून कॅन ओतले. पण मीठ केव्हाच विरघळलं होतं.

हाजी परतले ते आमच्यासाठी लग्नातला मचबूस (मसाल्याचा मटणभात) घेऊन. डबा हातात घेण्याआधीच मी सगळं ओकून टाकलं. ते तसेच बागेत गेले, गुडघ्यावर बसले, चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"तुम्हारे उधर झाड़ को नमक देते?"

"हां, नारियल को."

"या अल्लाह," ते हळूच म्हणाले, "कितना पानी होगा उधर!"

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं अप्रूप होतं, मीठही धुऊन नेणाऱ्या आमच्या पाण्याचं. मी तिथेच पदर डोळ्याला लावला. "यल्ला, चलो, पानी डालो," म्हणत त्यांनी कॅन माझ्या हातात दिला.

पुढचे दोन महिने रोज सकाळी तेच. खालची पानं पिवळी पडली, एक गळून गेलं. मला घास गोड लागेना. मुग्धा म्हणे, "आई, तू मला भेटायला आलीस की त्याला?"

निघायच्या दिवशी हाजींनी मला फुटव्याजवळ नेलं आणि मधली कोवळी पात दाखवली. ती ओढल्यावर हातात आली, तर आतून कुजलं समजायचं.

"खींचो."

"नको हो हाजी, आपही देखो."

"नमक तुमने दिया. तुमही देखो."

मी पात धरली. ओढली, आली नाही. जरा जोरानं ओढली, तरी नाही! उलट तिनंच मला खाली ओढल्यासारखं वाटलं. हाजी हसता हसता डोळे पुसत होते. मुग्धा माझ्या खांद्याला धरून उभी होती.

गुहागरला आल्यावर शेजारणी विचारतात, लेकीला तिकडे करमतं का गं? पूर्वी मी म्हणायचे, कुठलं करमतंय, येईल परत. आता म्हणते, मूळ धरलंय बाई तिनं तिथे. ओढून बघू नये.