आडव्या वाऱ्यातलं उतरणं

देवावर माझा विश्वास नव्हता, आणि वाऱ्यावर तर मुळीच नव्हता. वर्ध्याचं आमचं कापडाचं दुकान भावावर सोपवून मी विमान चालवायला शिकलो, याचा बाबांना आठ वर्षं राग होता. नव्वदच्या दशकातल्या एका फाल्गुनात ते अचानक म्हणाले, "चाल, दाखव मले तुयं इमान."

दोन आसनी छोट्या विमानातून नागपुराहून निघालो. रोहण्याजवळ एका मित्राच्या शेतात मुरमाची धावपट्टी होती, तिथं उतरायचं होतं. वर सगळं झोपेतल्यासारखं वाटत होतं. खाली पळस पेटलेला, हिंगणीजवळच्या धरणाचं पाणी आरशागत निश्चल. शेखी मिरवायला मी त्यावर घिरट्या घातल्या आणि पेट्रोल उधळलं. रोहण्याला पोचलो तेव्हा वारा पट्टीला आडवा सुटला होता आणि परतण्याइतकं पेट्रोल उरलं नव्हतं.

पट्टीवरची वारा दाखवणारी कापडी नळी फाटून गेली होती. दोनदा उतरायला गेलो. दोन्ही वेळा वाऱ्याने विमान उजवीकडे ढकललं आणि मी घाबरून पुन्हा वर घेतलं. विमान वळवायचा दांडा इतका आवळला होता की बोटं बधिर झाली. शेजारी बाबा विठ्ठलाचं नाव घेत होते. माझ्या दिमाखापायी म्हातारा बाप जाणार, या विचाराने माझं काळीज फाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हणालो, आता तूच बघ.

तेवढ्यात पट्टीच्या कडेला खळं दिसलं. तिवईवर उभी राहून एक बाई तूर उपणत होती. टोपल्यातून दाणे सरळ खाली पडत होते आणि कुटार, म्हणजे तुरीचा भुसा, पिवळ्या पदरासारखं उजवीकडे वाहत होतं. वारा मला डोळ्यांनी दिसत होता. हात आपोआप सैल झाले. विमानाचं नाक डावीकडे, वाऱ्याकडे वळू दिलं आणि तसंच तिरकं खाली आणलं. जमीन हाताशी आली, तोच तिचे हात थांबले. वारा पडला होता. मी नाक सरळ केलं. डावं चाक टेकलं, मग उजवं.

मला खूण करायलाच तिनं हात थांबवले असं समजून मी धावत जाऊन तिच्या पाया पडायला वाकलो, तर ती फणकारली, "काऊन जी, माह्या साऱ्या तुरीत धूळ घातली ना तुमी. मी वाऱ्याची वाट पाहून राह्यलती, तुमच्याकडं कायले पाहू?" मग तिनंच आम्हाला पाणी दिलं.

बांधावर बसून मी बाबांना विचारलं, "भ्यालात?"

"भ्यालो ना. पन इमान वाचव असं मी मागतलंच नाई," ते म्हणाले. "या पोराचे हात सैल कर, एवढंच म्हनत होतो."

आज बाबा नाहीत. देव आहे की नाही, यावर मी आता कुणाशी वाद घालत नाही. त्या दुपारी माझ्यासाठी कोणीतरी मागत होतं आणि ते मिळालं, इतकं मला पुरतं.